मदत हवी आहे: ऑनलाइन घेतलेल्या जुन्या खेळण्यांचा सिगारेटचा वास जात नाही

दारव्ह्याचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा, डोकं फिरलं आहे. जुनी खेळणी ऑनलाइन घेतली. खोकं उघडलं तर सिगारेटचा असा भपकारा आला की आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलं रे?" धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विकणारा म्हणतो, जुना माल आहे, परत घेणार नाही. सोडा टाकून झाला. आता उन्हात ठेवू का? 'फेकून द्या' कोणी म्हणू नका.

वऱ्हाडी_ठेचा
कोनती खेळनी भाऊ? लाकडाची, कापडाची, पत्र्याची का पलास्टिकची? वास काढाचा म्हनते अन् काय हाये थे सांगतच नाई. डाक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखते' म्हनलं त थो बी इचारते ना, कुठं दुखते.

सुगरण_पुसद
डांबराच्या गोळ्या टाकून आठ दिवस पेटीत बंद ठेवा. माझा लग्नातला शालू मी तसाच ठेवते. वीस वर्षं झाली, कसला वास नाही.

स्क्रूड्रायव्हर
ताई, डांबरगोळीचा वास येतोच की. तो इतका येतो की दुसरा कळत नाही. शिवाय काही प्लास्टिक त्या गोळ्यांच्या वाफेनं मऊ पडतं, चिकट होतं. शालूला चालतं म्हणून खेळण्याला चालेल असं नाही.
पोट्ट्या, गोळ्या टाकू नको. तीन गोष्टी सांग: खेळणी कोणती, सुटी की पॅकबंद, आणि धुतली कशानं.

निवृत्त_मास्तर
उन्हासारखं औषध नाही. सध्या मे महिना आहे, त्याचा फायदा घ्या. टिनावर पसरा, संध्याकाळी उतरवा. आमच्याकडे गाद्या, गोधड्या, डाळी, सगळं ऊनच बघते. मुलांनो, निसर्गाकडे सगळ्याचं उत्तर असते.

स्क्रूड्रायव्हर
मास्तर, तुमचा मान ठेवून सांगतो, गोधडी वितळत नाही. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या तोंडावर टिनाला हात लावून बघा. पारा ४५ च्या आसपास असतो तो सावलीतला, टिन त्याहून कितीतरी तापते. हातपाय वाकतील, रंग उडेल, पांढरं प्लास्टिक पिवळं पडेल. सावलीत वारा द्या, ऊन नको.

निवृत्त_मास्तर
सकाळी आठपर्यंतचं ऊन म्हणत होतो मी.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, 'संध्याकाळी उतरवा' बी तुमीच लिवलं हाये वर 🙂

धूर_सोडला_२०१५
मित्रा, तू प्रश्न विचारलास हीच मोठी गोष्ट. मी सोळा वर्षं ओढत होतो. कपडे, गाडी, उशी, सगळ्याला वास. बायको बोलायची नाही, फक्त खिडकी उघडायची. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन कर, लाजू नको.

दारव्ह्याचा_पोट्टा
काका, मी ओढत नाही. खेळणी ओढत होती.
बाकीच्यांसाठी: फनस्कूलचे जी. आय. जो आहेत, प्लास्टिकचे छोटे अमेरिकन शिपाई. नऊ नग. शॅम्पूनं धुतले. सुटे आहेत.

स्क्रूड्रायव्हर
आता कुठं धागा सुरू झाला! फनस्कूलचे जो म्हणजे आमच्या पिढीचा जीव. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ ला फनस्कूल काढली आणि हे पावणेचार इंची गडी आपल्याकडे बनायला लागले. मला तिसरीत एक मिळाला होता, तोही यवतमाळहून कोणी आणला म्हणून.
आता कामाचं. तू बाहेरून धुतलं. वास आत आहे. पाठीवर एक स्क्रू दिसेल. तो काढला की छातीचे दोन भाग वेगळे होतात. आत पोकळी आहे, आणि कमरेला धरून ठेवणारी काळी रबरी रिंग आहे. वर्षानुवर्षं धूर सांध्यांतून आत गेला, चिकट थर बसला. तुझं पाणी तिथे पोचलं, पण साबण लागला नाही की ब्रश फिरला नाही. उलट आत ओल राहिली असेल. म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा वास.

घरगुती_बटवा
इतकं उघडण्याची गरज नाही. व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून रात्रभर बुडवा. सकाळी खोलीत अगरबत्ती लावा. शंभर टक्के.

स्क्रूड्रायव्हर
निकोटिन अल्कलीधर्मी आहे, म्हणून व्हिनेगरनं थोडा फरक पडतो, हे खरं. पण रात्रभर? आतला स्क्रू आणि हूक लोखंडी आहेत, गंजतील. धुराचा वास घालवायला अगरबत्तीचा धूर, हे तर माझ्या डोक्यावरून गेलं.

घरगुती_बटवा
आमच्या घरी चालतं. ज्यांना पटत नाही त्यांनी करू नये.

गोंदियाकर
एक मूलभूत शंका. सिगारेटच कशावरून? बिडीचा वास वेगळा असतो. आमच्या भागात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू आहे, घरोघरी पुडके बांधणं चालू. बिडीच्या धुराला जळक्या पानाचा वास, सिगारेटला कागदाचा. नाकानं ओळखता आलं पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा
बिडी असो का शिगरेट, काढाचा कसा थे सांग ना बाप्पा. खर्र्याचा वास म्हनला असता त मी सांगतलं असतं, आमच्या घरी तीन जन खाते.

शकुंतलाप्रेमी
दारव्हा म्हटल्यावर राहवलं नाही. अवांतराबद्दल माफी. धुराचा वास म्हटलं की मला दारव्हा मोतीबाग स्टेशन आठवतं. आमची शकुंतला रेल्वे, यवतमाळ ते मूर्तिजापूर, अरुंद रूळ, आणि १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन! घरी पोचलो की आई शर्ट सरळ बादलीत टाकायची. तो वास मात्र आजही हवासा वाटतो. कोणाकडे जुने फोटो आहेत का?

कारंजेकर
शकुंतलेत बसलोय. गाडी इतकी हळू की उतरून शेतातली बोरं तोडून परत चढायचं, असं वडील सांगायचे. मी स्वतः तोडली नाहीत, पण हरभरा उपटला आहे.

शकुंतलाप्रेमी
हरभरा! वाह.

दारव्ह्याचा_पोट्टा
शकुंतलेचा वेगळा धागा काढा ना दादा. माझं राहूनच चाललं आहे.

सिस्टर_घाटंजी
सगळे वासाबद्दल बोलताय. एक विचारते: घरात लहान मूल आहे का? ही खेळणी त्याच्या हातात जातात का? हा नुसता वास नाही. धुरातलं निकोटिन आणि बाकीचं वस्तूंवर बसून राहतं, ओढणारा निघून गेला तरी. हवेतल्या इतर वायूंशी त्याचा संयोग होऊन आणखी घातक द्रव्यं तयार होतात. लहान मुलं सगळं तोंडात घालतात.

दारव्ह्याचा_पोट्टा
भाचा आहे ताई, चार वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आहे. दोन तर तो घेऊन झोपतो.

सिस्टर_घाटंजी
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं! आज रात्री काढून घे. रडला तर रडू दे. हे छोटे भाग, बंदुका वगैरे चार वर्षांच्या मुलाच्या घशात अडकण्यासारखे आहेत, तेही बघ. धुवून झाल्यावरही त्याला देऊ नको, त्याच्यासाठी नवीन काहीतरी घे. आणि तू स्वतः हाताळल्यावर हात धू.

ग्राहकराजा
सर्वांना नमस्कार. विक्रेत्यानं माहिती दडवली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ऑनलाइन खरेदीलाही लागू आहे. बिल, पॅकिंगचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रारीचा मसुदा हवा असल्यास कळवा.

दारव्ह्याचा_पोट्टा
बिल नाही. त्यानं आपलं घर आवरताना विकली, दुकानदार नाही तो. आणि किंमत मी घरी अर्धीच सांगितली आहे. तक्रार करायला गेलो तर वासापेक्षा मोठं प्रकरण बाहेर येईल.

वऱ्हाडी_ठेचा
आता खरं बोलला 😂

कारवॉश_वर्धा_रोड
आमच्याकडे ओझोन मशीन आहे. सिगारेटच्या गाड्या रोज येतात, अर्ध्या तासात वास साफ. नागपूरला आलात तर खोकं घेऊन या, ओळखीत करून देऊ.

स्क्रूड्रायव्हर
दादा, ओझोननं रबराला भेगा पडतात. गाडीच्या सीटचं ठीक आहे. या गड्यांच्या पोटात तीस वर्षांची रबरी रिंग आहे, ती आधीच कडक झालेली असते. एका झटक्यात कंबर सुटेल.

कारवॉश_वर्धा_रोड
आजपर्यंत एकाही गिऱ्हाईकाची कंबर सुटली नाही.

दारव्ह्याचा_पोट्टा
स्क्रूड्रायव्हर दादा, एक उघडला. आतून पिवळट चिकट थर निघाला, टिश्यूला लागला. ओकारी आली. तुमचं बरोबर होतं. आता पुढं?

स्क्रूड्रायव्हर
शाब्बास. कोमट पाणी, उकळतं नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, जुना मऊ टूथब्रश. रंगावर घासू नको, छातीवरच्या खुणा लगेच उडतात. सॅनिटायझर, रॉकेल, थिनर यातलं काहीही नको, कोणी सांगितलं तरी. धुण्याआधी हातातल्या बंदुका हळूच काढ, ओढू नको. अंगठे तुटतात. जोचा अंगठा गेला की किंमत गेली, असं आम्ही म्हणतो. मग सगळे भाग वेगवेगळे ठेवून सावलीत दोन दिवस पूर्ण सुकव आणि मगच जोड.
रिंग तुटली तर घाबरू नको. हार्डवेअर किंवा मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात जुनी रिंग दाखवून त्याच मापाची नवीन घे. फवारणी पंपाच्या सुट्या भागांतही असल्या रिंगा मिळतात, पण पाकिटातली कोरी घे. वापरलेल्या पंपातली अजिबात नको, औषध लागलेलं असतं.

वऱ्हाडी_ठेचा
हे मस्त सांगतलं. कपाशीच्या पंपाचं वायसर अन् अमेरिकेचा शिपाई. कंबरेत दम तर वऱ्हाडचाच निंगाला!

निवृत्त_मास्तर
वॉशर आणि ओ-रिंग यात फरक आहे. वॉशर चपटं असतं.

सुगरण_पुसद
एक विचारू का? धुऊन झाल्यावर तुम्ही ती ठेवता कुठे?

दारव्ह्याचा_पोट्टा
त्याच खोक्यात. आलं तसंच ठेवलंय, पेपरचे बोळे आणि ते दोन कार्डावरचे पॅकबंद गडी पण त्यातच आहेत. हरवू नयेत म्हणून.

सुगरण_पुसद
अहो मग! धुतलेला सदरा मळक्या कपड्यांच्या गाठोड्यात ठेवल्यावर काय होणार? वास पुठ्ठ्याला आहे, पेपरला आहे. तुम्ही रोज खेळणी धुता आणि रोज वासात ठेवता. माझ्या डांबरगोळ्यांना हसलात, पण हे कोणी विचारलं नाही.

स्क्रूड्रायव्हर
ताई, कान पकडले. मी पॅकबंद आहेत का विचारलं होतं आणि हा 'सुटे आहेत' म्हणाला, मग मी पुढे विचारलंच नाही. दोन पॅकबंद आहेत हे आता सांगतोस!

दारव्ह्याचा_पोट्टा
ते धुतले नव्हते म्हणून मोजलेच नाहीत. ते तर फोडायचेच नाहीत ना, किंमत त्यांचीच आहे.

स्क्रूड्रायव्हर
फोडू नको. पण कार्ड हाच सगळ्यात मोठा चोर आहे. पुठ्ठा धूर पितो आणि त्याला धुता येत नाही. खोकं आणि बोळे आजच घराबाहेर काढ. कार्डं मोठ्या झाकणाच्या डब्यात ठेव, तळाशी ॲक्टिव्हेटेड कार्बन. तो कुठं मिळेल? तुमच्या गावातल्या आरओ प्लांटवाल्याला विचार, फिल्टरमधले दाणेदार कोळसे त्याच्याकडे असतात. नवीन घे. जाळीच्या पिशवीत बांध, कार्डाला लागू देऊ नको, काळं होते. चुलीतला कोळसा टाकू नको, त्याची धूळ उडते. आठवड्यानं दाणे बदल. महिना, दोन महिने लागतील. आणि हे सगळं पावसाळ्याआधी कर. एकदा हवेत ओल आली की पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि त्या वासावर माझ्याकडे औषध नाही.

घरगुती_बटवा
कूलरसमोर ठेवलं तर? वाळ्याचा सुगंध लागेल.

सिस्टर_घाटंजी
कूलरची हवा ओली असते. आत्ताच बुरशीचं सांगितलं ना त्यांनी.

घरगुती_बटवा
मी फक्त विचारलं.

दारव्ह्याचा_पोट्टा
(बारा दिवसांनी) अपडेट. नऊ सुटे उघडून धुतले. सातांचा वास पूर्ण गेला. एकाच्या डोक्याला अजून येतो, ते मऊ रबरासारखं आहे, सगळ्यांपासून वेगळं ठेवलं. एकाची रिंग उघडतानाच तुटली. पंपवाल्या काकांकडे नेली. त्यांनी गडी हातात घेऊन पाच मिनिटं पाहिला, मग तीन रुपयांची रिंग दिली आणि विचारलं, हा कोणत्या कंपनीचा पंप?
खोकं जाळलं. कार्डं आरओच्या दाण्यांवर डब्यात आहेत. झाकण उघडलं की अजून येतो, पण आई आता 'कोण आलं' विचारत नाही. भाचा दोन दिवस रडला, मग बैलजोडी आणून दिली, लाकडाची, पोळ्याला निघतात तसली.

गोंदियाकर
शेवटी बिडी होती की सिगारेट, ते नाही कळलं.

शकुंतलाप्रेमी
मंडळी, शकुंतलेचा वेगळा धागा काढला आहे. कारंजेकर, हरभऱ्याचा किस्सा तिकडे टाका.