उड्यांचं ट्रेनिंग मुलींना वेगळं कशाला?

खोचक_बुवा
"मुलींचं ट्रेनिंग वेगळं असतं" असं कोणी म्हणालं की मी सावध होतो. वेगळं म्हणजे बहुतेकदा हलकं. मुलांना खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट, मुलींना रबर बँड. पुढे उडी कमी पडली की "शेवटी शरीरच तसं" म्हणायला सगळे मोकळे. फरक मी नाकारत नाही: पुरुष आणि महिलांचे विश्वविक्रम लांब उडीत ८.९५ आणि ७.५२ मीटर, उंच उडीत २.४५ आणि २.१०. पण ताकदीच्या सरावाने होणारी टक्केवारीतली वाढ दोघांत जवळपास सारखीच असते. मग कार्यक्रम एकच द्या, वजन ज्याच्या-त्याच्या कुवतीचं.

गुरुत्वमध्य
या आकड्यांवरून फरक आहे त्यापेक्षा लहान दिसतो. उंच उडी जमिनीपासून मोजतात, पण उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य आधीच मीटरभर वर असतो. शरीर प्रत्यक्षात किती उचललं गेलं ते बघा, तफावत बरीच वाढते.
लांब उडीचं गणित तर फारच मजेदार आहे. १०० मीटरला ९.५८ आणि १०.४९ सेकंद, म्हणजे वेगात जेमतेम नऊ टक्क्यांचा फरक. उडीचं अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गावर ठरतं. वर्ग केलात की फरक साडेसोळा टक्क्यांवर जातो, आणि लांब उडीच्या विक्रमांत तो १६ आहे! वयात येईपर्यंत मुलं-मुली फार मागेपुढे नसतात. पुढे टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू वाढतात, तिथून वाटा वेगळ्या होतात.

खोचक_बुवा
हे तर माझ्याच बाजूचं झालं. वेग आणि ताकद कमी पडते ना? मग मुलींना जड वजन जास्तच हवं.

लँडिंग_आधी
सगळे वर जाण्याबद्दल बोलताय. खाली कोण येणार? उड्या आणि झटपट दिशाबदल असलेल्या खेळांत मुलींचा एसीएल (गुडघ्याला स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त असतं. वयात येताना उंची वाढते, वजन वाढतं, पण मुलांसारखी ताकद त्या वेगाने वाढत नाही. मग उतरताना गुडघे आत वळतात. एका पायावर उतरणं, मांडीमागचे स्नायू, कमरेचा ताबा हे वॉर्म-अपमध्ये नियमित घेतलं तर या दुखापती बऱ्याच घटतात. हे वेगळंच आहे, पण हलकं नाही.
दुसरं म्हणजे उंच उडीतलं वजन उतरवण्याचं वेड. खाणं तुटपुंजं, पाळी बंद, मग हाडाला ताणाचं फ्रॅक्चर. एकच कार्यक्रम देणारा कोच हे विचारतो का?

खोचक_बुवा
विचारायलाच हवं, त्यात वाद नाही. पण गुडघे मुलांचेही आत वळतात, तेव्हा उतरायला सगळ्यांनाच शिकवा. आणि कृपा करून पाळीच्या टप्प्यांनुसार छापील वेळापत्रकं विकू नका. त्यामागचा पुरावा फार तोकडा आहे. खेळाडूगणिक अनुभव बदलतो, तिलाच विचारा.

उशिरा_आलेला
संधीचा मुद्दा राहिला. ऑलिंपिकमध्ये महिलांची तिहेरी उडी १९९६ला आली, पोल व्हॉल्ट (बांबूउडी) २०००ला. पोल व्हॉल्टमध्ये पुरुष सव्वासहा मीटर पार करून गेले, महिलांचा विक्रम २००९पासून ५.०६वर अडकलाय. उशीर झाला की असंच होणार.

गुरुत्वमध्य
मग तिहेरी उडीत फरक १४ टक्केच का? १८.२९ आणि १५.७४. तीही उशिराच आली होती. पोल व्हॉल्टमध्ये खांदे-दंडांची ताकद लागते, आणि शरीराच्या वरच्या भागातच स्त्री-पुरुषांतला फरक सर्वात मोठा असतो.

लँडिंग_आधी
म्हणजे पोल व्हॉल्टच्या मुलींना पुलअप्स जास्त. झालं की वेगळं ट्रेनिंग!