डोकं फिरवणारा मेसेज आला, मग तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. निवडणुका येतात आणि जातात, पण आपल्या मोबाईलमधली निवडणूक काही संपत नाही. सकाळी सुप्रभातची फुलं येतात आणि त्यांच्या पाठोपाठ कुणाला तरी देशद्रोही, कुणाला गुलाम ठरवणारं काहीतरी येतंच. त्यावर रडायला हा धागा काढलेला नाहीये. असा मेसेज आला, राग आला, आणि तुम्ही जे केलंत त्याने थोडं बरं झालं किंवा बिघडलं, ते लिहा. मेसेज कुठल्या पक्षाचा होता ते लिहायची गरज नाही, सगळ्यांकडे तसले आहेत.

सुरुवात मी करते. मी सांगलीची. २०१९ च्या लोकसभेला आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर मामांनी एक मेसेज टाकला, तुम्हालाही आला असेल. यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून कलम ४९ अ खाली 'चॅलेंज वोट' मागा, तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर 'टेंडर वोट' मागा, आणि १४ टक्क्यांच्या वर टेंडर वोट झाली की त्या बूथवर फेरमतदान होतं, असा. यातलं टेंडर वोट तेवढं खरं आहे, ते नियम ४९ पी मध्ये आहे. बाकी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, विषय संपला. चॅलेंज म्हणजे समोरचा मतदार खरा तोच आहे का अशी पोलिंग एजंटला (बूथवर बसणाऱ्या उमेदवाराच्या माणसाला) शंका आली तर तो दोन रुपये भरून हरकत घेतो ते. १४ टक्के तर कुठल्याच नियमात नाही. हे सगळं मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, चार मोठे परिच्छेद, एक चूक नव्हती त्यात. मामांनी ग्रुप सोडला आणि त्या वर्षी दिवाळीला ते आमच्याकडे आलेच नाहीत.

मे २०२४ ला मामांनी तोच मेसेज परत पाठवला, आता फक्त मला. मी फोन केला. म्हटलं मामा, तुम्हाला हा का पाठवावासा वाटला? बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, अगं तुझी मामी मागच्या वेळी दीड तास लायनीत उभी राहून परत आली, नाव उडालेलं, ती काही बोलली नाही पण घरी येऊन नवी साडी बदलली आणि गुपचूप भाकरी थापायला बसली. पाच वर्षं मला हे माहीत नव्हतं. मी १४ टक्क्यांवर भांडत बसले होते. आम्ही यादी बघितली तर नाव अजूनही नव्हतं आणि आता नोंदणीची मुदतही गेलेली. मग निवडणूक झाल्यावर यादीत नाव घालायचा फॉर्म ६ भरला, बीएलओ (आमच्या बूथची यादी सांभाळणाऱ्या) बाई घरी येऊन बघून गेल्या, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेला मामींनी मत दिलं. शाईच्या बोटाचा फोटो मामांनीच ग्रुपवर टाकला. हो, ते परत आले ग्रुपवर.

आता तुम्ही लिहा.

निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा

मी नोकरीत असताना अकरा निवडणुकांची ड्युटी केली, त्यातल्या सहा केंद्राध्यक्ष म्हणून. माझा पुतण्या मतदानाच्या मशीनबद्दल रोज काहीतरी पाठवायचा, मला राग यायचा कारण रात्रभर शाळेच्या बाकावर झोपून पहाटे चारला उठून मी ते काम केलंय, आणि हा मला अप्रत्यक्ष चोर म्हणतोय असं वाटायचं. पण शंका घेणाऱ्याला गप्प करणं मला पटत नाही. मारकडवाडी आमच्याच जिल्ह्यातली. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी मशीनवर शंका घेऊन स्वखर्चाने मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने होऊ दिलं नाही. त्यातलं कोण बरोबर ते बाजूला ठेवतो, पण मतदाराला विचारावंसं वाटलं तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे.

पुतण्याला म्हटलं, तू ज्या पक्षाचा आहेस त्याचा पोलिंग एजंट म्हणून बस. बसला. सकाळी साडेपाचला अभिरूप म्हणजे चाचणीचं मतदान, कमीत कमी ५० मतं टाकून मोजायची, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्यांशी जुळवायची, मशीन क्लिअर करायचं, त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या, सह्या. संध्याकाळी मतदान बंद झाल्यावर फॉर्म १७ सी ची सही केलेली प्रत, त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली तो आकडा असतो. ती प्रत एजंटने घ्यायची असते, आणि खरं सांगतो, कितीतरी एजंट ती न घेता जेवायला निघून जातात! ह्याने घेतली, घडी करून खिशात ठेवली, मोजणीच्या दिवशी त्याच्या पक्षाच्या माणसाने टेबलावर जुळवून बघितली. जुळली. त्याची सगळी शंका गेली असं नाही म्हणणार मी. व्हीव्हीपॅट एका विधानसभा क्षेत्रात पाचच केंद्रांची का मोजतात, जास्त का नाही, हे तो विचारतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण आता तो नेमकं विचारतो. आणि पुढच्या वेळी गावातली चार पोरं एजंट म्हणून तयार करणार आहे.

बीड जिल्हा, नाव नको

आमच्याकडचं लिहू का नको असं झालं होतं. आरक्षणावरून २०२३ पासून जे सुरू झालं आणि लोकसभेला जे वातावरण झालं ते बाहेरच्यांना नाही समजायचं. पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या लग्नात वाढायला उभी राहणारी माणसं, आणि मोबाईलवर आलं की अमुक समाजाच्या दुकानातून सामान घेऊ नका, तमुक समाजाच्या डॉक्टरकडं जाऊ नका. पुढं पुढं इतकं झालं की २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली, नुसतं पहिलं नाव.

माझे वडील चाळीस वर्षं एकाच किराणा दुकानातून सामान आणतात. दुकानदार दुसऱ्या समाजाचा. तो मेसेज आला त्या दिवशी मी वडलांना म्हटलं अण्णा दोन दिवस नका जाऊ, उगं कुणी बघंल. अण्णांनी मेसेज वाचायला लावला, ऐकला, पिशवी घेतली आणि गेले. सामान काहीच लागत नव्हतं, नुसते काड्यापेटी आणि पावशेर गूळ घेऊन दुकानाच्या पायरीवर सगळ्या चौकाला दिसंल असे तासभर बसले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर अजून दोन म्हातारे होते. अण्णा कुणाला काही समजावून सांगत नव्हते, पावसाचं आणि सोयाबीनच्या भावाचं बोलायचे. दुकानदार काकांनी मला नंतर सांगितलं की त्या आठवड्यात गल्ला निम्म्यावर आला होता, पण तुझे अण्णा पायरीवर दिसले की शटर उघडायची हिंमत व्हायची.

आरक्षणावर माझं जे मत आहे ते आहे, अण्णांचंही आहे, ते आम्ही बदललं नाही. मागणी मागणीच्या जागी.

नाशिक

मी चूक केलेली आहे, ती लिहितो. जून २०१८. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून पोरगं उचलून नेतात असा व्हिडिओ आला, खाली लिहिलेलं की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. मी पुढचा मागचा विचार न करता अकरा ग्रुपवर टाकला. तो व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या जाहिरातीचा होता, शेवटी ते मूल परत आणून देतात, तेवढा भाग कापलेला. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, मंगळवेढ्याकडची.

माझा मेसेज तिथपर्यंत गेला असेल नसेल, मला कधीच कळणार नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. मी त्या अकराही ग्रुपवर लिहिलं की मी पाठवलेला व्हिडिओ खोटा होता, मी न तपासता पाठवला, माफ करा. सात ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. एका ठिकाणी एकाने लिहिलं "मी पण". मग त्या खाली अजून तिघांनी. आता निवडणुकीच्या काळात कुठल्या समाजाबद्दल काही आलं आणि वर दोन बाणांचं चिन्ह दिसलं, म्हणजे खूप वेळा फिरलेलं, तर मी मोबाईल पालथा ठेवतो आणि दुसरं काहीतरी काम करतो. रात्री परत बघतो. रात्री त्यातलं निम्मं पाठवावंसं वाटत नाही.

गोवा, फोंडा

माझं वय आता सत्तरीच्या पुढे, तेव्हा नातवाच्या मदतीने टाईप करतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण १६ जानेवारी १९६७ ला आमच्याकडे जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. मी तेव्हा बारा वर्षांचा. आजचं व्हॉट्सॅप परवडलं असं वातावरण होतं, घराच्या भिंती रंगवलेल्या, देवळाच्या पायरीवर हमरीतुमरी. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता, हे मात्र आवर्जून सांगतो, तेवढी लाज तेव्हा होती.

बाबा कट्टर विलीनीकरणवादी, मडगावचा मामा कट्टर विरोधक. दोघेही मराठी वाचणारे. आमच्या घरी 'गोमंतक' यायचा, तो विलीनीकरणाच्या बाजूचा, आणि मामाकडे 'राष्ट्रमत', तोही मराठीच पण विरोधातला. मामा रविवारी यायचा तेव्हा आठवड्याचे राष्ट्रमतचे अंक घेऊन यायचा आणि जाताना आमचे गोमंतक घेऊन जायचा. आईने नियम घातला होता की दुसऱ्याचा अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय वाद सुरू करायचा नाही, नाहीतर जेवण वाढणार नाही. बाबांना राष्ट्रमत मोठ्याने वाचताना मी ऐकलंय, दात ओठ खात वाचायचे, पण एखाद्या ठिकाणी थांबून म्हणायचे, हा मुद्दा बरोबर धरलाय हं ह्याने.

निकाल लागला, ३४,०२१ मतांनी विलीनीकरण पडलं. बाबा दिवसभर पडवीत बसून होते. संध्याकाळी मामा आला, हातात पिशवी, पण काही बाहेर काढेना. बाबांनी विचारलं, पिशवीत काय आहे? मामा म्हणाला काही नाही. बाबा म्हणाले, पेढे आहेत, वास येतोय, काढ.

मँचेस्टरजवळून

२९ जुलै २०२४ ला साऊथपोर्टला लहान मुलींच्या डान्स क्लासमध्ये चाकूहल्ला झाला, तीन मुली गेल्या. काही तासांत एक खोटं नाव पसरलं की हल्लेखोर बोटीने आलेला मुस्लिम निर्वासित आहे. मुलगा प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला, १७ वर्षांचा, वयामुळे नाव जाहीर करता येत नव्हतं, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत ते खोटं घुसलं. दुसऱ्या संध्याकाळी तिथल्या मशिदीवर हल्ला झाला आणि मग दंगली गावोगाव.

आमच्या मराठी ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज आले. एक घाबरवणारे, आज इकडे येणार उद्या तिकडे. दुसरे जास्त त्रास देणारे, की आपण त्या मुस्लिमांतले नाही हे या गोऱ्यांना कळायला हवं. मला त्याची शिसारी आली, दगड मारणारा थांबून आडनाव विचारतो का? मी तसं लिहिणार होते, पुसलं. त्याऐवजी लिहिलं की पुढचे दहा दिवस या ग्रुपवर फक्त पोलिसांचे अपडेट टाकूया, आणि कुणाला रात्रपाळीवरून सोडायला गाडी हवी असेल तर माझी आहे. तेवीस जणांनी आपापल्या वेळा टाकल्या. पहिली गाडी मागितली ती एका मराठी ताईने, स्वतःसाठी नाही, तिच्या वॉर्डातल्या सोमाली नर्ससाठी. साऊथपोर्टला तर मशिदीवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच सकाळी लोक झाडू घेऊन आले होते आणि गवंडी मशिदीची पडलेली भिंत फुकट बांधून देत होते.

सातारा, महिला सरपंच

थोडक्यात लिहिते, वेळ नाही. माझ्यावर स्टेटस पडलं, सरपंचबाईंनी पाण्याच्या टाकीचे पैसे खाल्ले. मिस्टर म्हणाले केस टाकू. मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा रंग मारून घेतला आणि खडूने सगळं लिहिलं, किती आले, कुठल्या बिलाला किती गेले, किती शिल्लक. ज्याने स्टेटस ठेवलं त्यालाच १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचायला उभं केलं. वाचताना त्याने पाईपच्या बिलात बेरजेची एक चूक काढली, ठेकेदाराने ४,२०० जास्त लावले होते. ते वसूल केले. आता दर महिन्याला तोच लिहितो.

धागाकर्ती

सगळ्यांचे वाचले. मामांना फोनवर वाचून दाखवले, बीडच्या अण्णांचा दोनदा वाचायला लावला. फोंड्याच्या आजोबा, मामा विचारतायत, मग बाबांनी पेढा खाल्ला का?

गोवा, फोंडा

अर्धा. उरलेला मामाला भरवला. मग आईने पानं घेतली.