‘टाइप तपासणे’ : एकच शब्द पुरत नाही

अर्धविराम
एक्सएसएलटीवरची (एक्सएमएल दस्तऐवजांचं रूपांतर करणारी संगणकभाषा) एक पुस्तिका मराठीत करतोय. मूळ मजकुरात ‘इन्स्टन्स ऑफ’ (किंमत या टाइपची आहे का) आणि ‘कास्टेबल ॲज’ (तिचं या टाइपमध्ये रूपांतर होऊ शकेल का) अशा दोन तपासण्या आहेत. मी दोन्हीकडे ‘प्रकार तपासणे’ लिहून मोकळा झालो. वाचणाऱ्या मित्राने समासात विचारलं, "मग अवतरणात लिहिलेला '१२' पूर्णांक आहे की नाही?" पंचाईत अशी की इन्स्टन्स ऑफ म्हणतं नाही, कास्टेबल म्हणतं हो. दोन वेगळे शब्द सुचवा. शिवाय फंक्शनवर ‘ॲज’ लिहून टाइप सांगतात, त्याला ‘घोषणा’ म्हणावं का?

जुनी पाटी
घोषणा मोर्चात देतात. आणि ‘प्रकार’ तरी कशाला? व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेतच की. जात म्हणा, सुटसुटीत आहे.

तिरकी रेघ
कास्ट केल्यावर, म्हणजे टाइपचं रूपांतर केल्यावर, बदलते ती जात कसली? आणि स्कीमा (दस्तऐवजातले टाइप ठरवणारी नियमावली) लावलेला नसला की ॲट्रिब्यूटची (एक्सएमएलच्या टॅगमध्ये लिहिलेल्या गुणधर्माची) किंमत ‘अनटाइप्ड ॲटॉमिक’, म्हणजे टाइप न ठरलेली, म्हणून येते. तिला काय बिनजातीची म्हणणार?

जुनी पाटी
म्हणेन की! व्याकरणात नाम विशेषणासारखं वापरलं तर चालतं, इथेही तसंच. बिनजातीच्या किमतीला पूर्णांक मागणाऱ्या फंक्शनमध्ये आपोआप प्रवेश मिळतो.

मोडी लिपी
हा प्रवेश मला महागात पडलाय. फंक्शनच्या पॅरामीटरवर (त्याला द्यायच्या किमतीवर) ‘ॲज एक्सएस:इंटिजर’, म्हणजे ‘पूर्णांकच हवा’, असं होतं, ॲट्रिब्यूट थेट दिलं की सगळं सुरळीत. मग कुणीतरी शहाणपणाने (म्हणजे मीच) ते आधी स्ट्रिंग() मधून काढलं, म्हणजे त्याचा साधा मजकूर केला. झालं, टाइपची चूक! अनटाइप्डचं रूपांतर आपोआप होतं, स्ट्रिंगचं होत नाही. आकडा दोन्हीकडे तोच दिसतो, म्हणून संध्याकाळ गेली.
शब्दाचं म्हणाल तर कास्टला ‘साच्यात ओतणे’ छान आहे. साचा म्हणजे सच्चा, खरं रूप.

तिरकी रेघ
साच आणि साचा यांचा काही संबंध नाही हो. साचा ‘सञ्चक’वरून, असं मला शिकवलंय. त्यातून टेम्प्लेटला आपण ‘साचा’ म्हणून बसलोय. स्टाइलशीटमध्ये (एक्सएसएलटीच्या प्रोग्रॅममध्ये) पानोपानी टेम्प्लेट असतात, वाचकाने कुठला साचा धरायचा?

मोडी लिपी
मग नुसतं ‘ओतणे’. ओतारी साचा घेऊनच ओततो, सांगायला लागत नाही.

शुद्धिपत्र
मूळ प्रश्न राहिला बाजूला. संस्कृतकडे न धावताही हे सुटतं. इन्स्टन्स ऑफ म्हणजे ‘आहे का’, कास्टेबल म्हणजे ‘होईल का’, कास्ट म्हणजे ‘कर’, आणि ‘ट्रीट ॲज’ ही आणखी एक क्रिया, ती म्हणजे ‘मान’. शेवटच्यात किंमत बदलत नाही. आपण फक्त हमी देतो आणि ती खोटी निघाली की चूक येते. असणे, होणे, करणे, मानणे. यापेक्षा नेमकी परिभाषा कुठला कोश देणार?

जुनी पाटी
क्रियापदांचं नाम करताना बघू. ‘होईल-का-पणा’?
आम्ही १९९९ च्या पहिल्या आवृत्तीवर शिकलो. तेव्हा ‘ॲज’ नव्हतं, स्वतःचं फंक्शन लिहायची सोयही नव्हती. मूल्यांचे प्रकार पाचच. नंबर() या आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये अक्षरं घातली तरी तक्रार नाही, ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) हातात. २००७ साली दुसरी आवृत्ती आली आणि हे सगळं सोवळंओवळं सुरू झालं.

मोडी लिपी
सोवळं नाही, उपकार आहेत. फंक्शनवर ‘ॲज’ नसेल तर ते काहीही, कितीही परत देऊ शकतं आणि चूक भलत्याच ठिकाणी फुटते. लिहिलं असेल तर एक्सटीटीई०७८० ही टाइपची चूक तिथेच कान धरते.

तिरकी रेघ
आणि ‘ॲज’ला मराठी शब्द शोधायचाच नाही, आहे: ‘म्हणून’. ‘पूर्णांक म्हणून परत दे.’

शुद्धिपत्र
‘म्हणून’ कारणही दाखवतो. ‘पूर्णांक, म्हणून परत दे’ असं कुणी वाचलं तर? स्वल्पविरामावर सगळी मदार.

अर्धविराम
‘आहे का / होईल का’ घेतोय, आभार. ‘ॲज’ तसाच ठेवतो. घोषणेचं मात्र कुणीच काही सांगितलं नाही. ‘विद्याचा (म्हणजे डेटाचा) प्रकार सांगणे’ लिहिलं तर?

जुनी पाटी
‘विद्याचा’? विदा स्त्रीलिंगी आहे ना? विदेचा.

तिरकी रेघ
पुल्लिंगी. विदाचा.