‘जा’ला नुसता ‘न’ लावून भागत नाही
कुणीतरी म्हटलंय की मराठीत आज्ञार्थाला नकाराचा शब्द जोडला की झाली मनाई. हिंदीत ‘मत जाओ’ चालतं हो, पण बोलताना आपण ‘न जा’ कुठे म्हणतो? ‘जा’चं ‘जाऊ’ होतं आणि एकवचन-अनेकवचनाचं ओझं ‘नको-नका’ उचलतात. वेंगुर्ल्यात आमची आजी पावसाळ्यात ओरडायची, ‘दर्यार जाव नको रे!’ पलीकडे गोव्यात तेच ‘वचूं नाका’. आणि हाच ‘नको’ पानात भात वाढताना ‘इच्छा नाही’ या अर्थी एकटाही पुरतो! लॅटिनचं मनाईचं ‘नोली’ तसंच, ‘न इच्छिणे’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप. संस्कृतात मात्र ‘मा गमः’, मनाईचा ‘मा’ वेगळाच. जेटीवरच्या पाटीवर ‘कचरा टाकू नये’ असतं. कुणी टाकू नये ते लिहिलेलं नसतं, म्हणून सगळेच टाकतात.