तंबोऱ्याच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी लोगो: चित्र कोणते घ्यावे आणि परवाना कोणता द्यावा?

प्रश्न: छापखाना, मिरज

नमस्कार. मिरजेतील काही गायनाचे विद्यार्थी आणि प्रोग्रामर मिळून रियाजासाठी तंबोऱ्याचा अखंड स्वर देणारे एक छोटे सॉफ्टवेअर तयार करत आहेत. ते लिनक्स आणि विंडोजवर चालते व त्याचा कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला आहे. लोगोचे काम माझ्याकडे आले आहे. माझा व्यवसाय फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या छपाईचा असल्याने कोरलड्रॉवर हात बसलेला आहे. परंतु ज्याची फाइल कोणीही उतरवून घेईल, बदलेल आणि आपल्या वितरणात घालेल, असा लोगो मी आजवर केलेला नाही.

पहिल्या आराखड्यात मी उभा तंबोरा काढला: खाली भोपळा, वर दांडी, चार खुंट्या आणि मागे ध्वनिलहर. फलकाच्या आकारात तो देखणा दिसतो. आयकॉनएवढा लहान केला की खुंट्या नाहीशा होतात, लहर पुसट होते आणि उरते ती स्वयंपाकघरातली पळी. ध्वनीचे सॉफ्टवेअर आहे हे चटकन कळावे म्हणून हेडफोन किंवा मायक्रोफोन काढावा, असा गटातील काहींचा आग्रह आहे, तर काहींच्या मते कलामहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची खुली स्पर्धाच घ्यावी. चित्र, फाइलचे स्वरूप आणि परवाना या तिन्ही बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद: सोळा_पिक्सेल, सांगली

हेडफोन आणि लहर ही जोडी सोडूनच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरची ओळख बरीच वर्षे निळा हेडफोन आणि त्यामधली लहर हीच होती, त्यामुळे तुमचा आयकॉन मेनूत दिसला की लोक त्याला ऑडॅसिटीचेच भावंड समजतील. शिवाय चित्राने सॉफ्टवेअरचे काम सांगितलेच पाहिजे, हा आग्रह मुळात ठिसूळ आहे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या रस्त्यावरच्या नारिंगी शंकूपासून व्हीएलसी या ध्वनी-चित्रफिती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे चिन्ह आले. त्याचा ध्वनीशी किंवा चित्रफितीशी काहीही संबंध नाही, आणि तरीही ते पाहताक्षणी ओळखता येते.

तंबोराच घ्यायचा असेल, तर पूर्ण वाद्य काढू नका, फक्त घोडीवरच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरच्या, चार तारा घ्या. १६ पिक्सेलच्या चौकोनात चार उभ्या रेघा प्रत्येकी २ पिक्सेलच्या आणि मधल्या तीन फटी तेवढ्याच ठेवल्या, तर १४ पिक्सेल लागतात आणि दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल मोकळा राहतो. हेच चित्र ३२ पिक्सेलला नेल्यास रेघ ४ पिक्सेलची होते, म्हणजे कडा स्वच्छ राहतात. २४ ला रेघ ३ पिक्सेलची होते, फक्त कडेची दीड-दीड पिक्सेलची जागा एका बाजूला १ आणि दुसरीला २ अशी वाटावी. अडचण २२ पिक्सेलला येते, आणि लिनक्सवरील काही डेस्कटॉपवर हा आकार सर्रास वापरला जातो. तिथे नुसते मोठे केलेले चित्र पावणेतीन पिक्सेलच्या रेघा मागते आणि कडा धुरकट होतात. त्या आकारासाठी रेघा ३ च्या, फटी २ च्या आणि कडेला दोन-दोन पिक्सेल सोडून वेगळे चित्र हाताने बसवावे. एकच फाइल सगळीकडे ताणण्याची फ्लेक्सच्या धंद्यातली सवय इथे चालत नाही.

फाइलबाबत थोडक्यात सांगतो. मूळ चित्र एसव्हीजी या रेषाचित्राच्या स्वरूपात ठेवा, लिनक्सच्या हायकलर या मूलभूत आयकॉन-संचासाठी निदान ४८ पिक्सेलची पीएनजी द्या, आणि विंडोजसाठी सर्व आकार एकाच आयसीओ फाइलमध्ये बांधा. कोरलमधून निर्यात करण्यापूर्वी रंग सीएमवायकेतून (छपाईचे रंग) आरजीबीत (पडद्याचे रंग) आणा आणि सावल्या काढून टाका, कारण त्या बहुधा बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचे चित्र, होऊनच बाहेर पडतात. तयार फाइल इंकस्केप या खुल्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. पुढे त्यात बदल करणारी माणसे तेच वापरतील.

प्रतिसाद: परवानेदार, सातारा

चित्रापेक्षा मला परवान्याची काळजी अधिक वाटते. कोड जीपीएलखाली आहे म्हणून लोगोही आपोआप खुला झाला, असे गृहीत धरू नये. फाइलशेजारी त्याचा परवाना स्वतंत्रपणे लिहून ठेवावा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, तसेच वाटा’ हा ४.० आवृत्तीचा परवाना योग्य ठरेल. ‘व्यापारी वापर नाही’ हे कलम मात्र घालू नका. वापराच्या क्षेत्रावर बंधन घालणारे साहित्य डेबियन या लिनक्स वितरणाच्या निकषांत बसत नाही. लोगोमुळे काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण फायरफॉक्सचे आहे. त्याच्या लोगोचा परवाना मुक्त नव्हता, नावाच्या वापरावर त्याच्या निर्मात्या मोझिलाच्या अटी होत्या, आणि २००६ मध्ये डेबियनने तोच ब्राउझर आइसवीझल या नावाने द्यायला सुरुवात केली. तो तिढा २०१६ मध्ये सुटला.

कॉपीराइट आणि ट्रेडमार्क या दोन गोष्टींची गल्लत करू नये. चित्राची प्रत काढण्याची मुभा दिली, म्हणून कोणीही आपले बदललेले सॉफ्टवेअर तुमच्या नावाने खपवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या सातव्या कलमात ट्रेडमार्कचे हक्क राखून ठेवण्याची सोय आहे. ऑडॅसिटी २०२१ मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेल्यावर टेनॅसिटीसारख्या ज्या शाखा, म्हणजे त्याच कोडवरून वेगळी सॉफ्टवेअर, निघाल्या, त्यांना कोड मिळाला, पण नाव आणि चिन्ह स्वतःचे शोधावे लागले, आणि ते रास्तच होते.

स्पर्धेच्या कल्पनेला माझा विरोध आहे. लोक मोठ्या पडद्यावरचे चित्र पाहून मत देतात, त्यामुळे नक्षीदार आराखडा निवडून येतो. हक्कांचा गुंता तर वेगळाच. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. बक्षीस देताना हा कागद कोणी करत नाही.

प्रतिसाद: जवारीकर, मिरज

घोडीची सूचना मला पसंत आहे, कारण चित्रसंग्रहांत ‘तानपुरा’ म्हणून ठेवलेल्या चित्राला पुष्कळदा दांडीवर सुरांचे पडदे असतात (तंबोऱ्याला ते नसतात), म्हणजे ती चक्क सतार असते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असताना, इथल्या मंडळींनी केलेल्या सॉफ्टवेअरवर पडदे असलेला तंबोरा झळकणे शोभणार नाही. एक सुधारणा सुचवतो. मधल्या दोन, जोडाच्या तारा पोलादी आणि शेवटची, खर्जाची पितळी असते, तेव्हा चौथी रेघ पितळी पिवळी ठेवावी. घोडी आणि तार यांच्यामध्ये जवारीसाठी, म्हणजे तारेला गुंजणारा नाद यावा म्हणून, सरकवतात तो दोराही दाखवता आला, तर वाजवणाऱ्याला चित्र तत्काळ उमगेल.

प्रतिसाद: सोळा_पिक्सेल, सांगली

दोरा १६ पिक्सेलला मावणार नाही. तो ४८ पासून पुढच्या चित्रांत घ्यावा. पिवळ्या रेघेची कल्पना उत्तम आहे, परंतु हळदीसारखा उजळ पिवळा पांढऱ्यावर दिसत नाही. चित्रातील अर्थपूर्ण भाग आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचा किमान ३:१ एवढा भेद असावा, असे डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीच्या २.१ आवृत्तीत म्हटले आहे. त्यामुळे रेघांमागे गडद तपकिरी चौकट द्यावी. कडेला सोडलेला एकेक पिक्सेल तिच्याच कामी येईल. एकरंगी आयकॉनमध्ये रंग उपलब्ध नसतो, म्हणून खर्जाची रेघ इतर तिघींपेक्षा थोडी उंच ठेवा.

छापखाना, मिरज

सर्वांचे आभार. स्पर्धेचा विषय मी गटात बंद करतो. एवढेच राहिले: संकेतस्थळासाठी आयकॉनशेजारी देवनागरीत नाव हवे आहे. माझ्याकडचे फाँट छपाईसाठी विकत घेतलेले आहेत. ते चालतील का?

प्रतिसाद: परवानेदार, सातारा

ते त्या फाँटच्या करारावर अवलंबून आहे, आणि प्रत्येक करार वाचत बसण्यापेक्षा ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फाँट वापरणे सोयीचे. दोन्ही ओपन फाँट लायसन्सखाली आहेत आणि लोगोत वापरल्याने लोगोवर त्या परवान्याचे बंधन येत नाही. अक्षरे पाथमध्ये, म्हणजे रेषाकृतींत, रूपांतरित करूनच फाइल द्या, नाहीतर ज्याच्या संगणकावर तो फाँट नसेल त्याला भलतेच वळण दिसेल. रूपांतरापूर्वीची प्रतही कोडच्या भांडारात ठेवा, म्हणजे उद्या नाव कन्नडमध्ये लिहायचे झाले तरी कोणाला तुमच्या दुकानात यावे लागणार नाही.