मदत हवी आहे: विसर्जन मिरवणुकीशेजारी खांद्यावर रायफल, वॉशिंग्टन राज्याचा कायदा लागू होतो का?

नमस्कार मंडळी. सिॲटलजवळ राहतो. आमच्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीचं परवानगीचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. (बैठकीला उशिरा पोचलो, एवढाच गुन्हा.)

मागच्या वर्षी ढोल सुरू झाले आणि एक माणूस पार्किंगच्या कोपऱ्यात खांद्याला रायफल अडकवून अर्धा तास उभा राहिला. बोलला काही नाही, केलं काही नाही. पण दोन-तीन आज्या नातवंडांना घेऊन सरळ गाडीत जाऊन बसल्या आणि आरतीला निम्मी माणसं उरली. पोलिसांना फोन केला तर म्हणाले, या राज्यात बंदूक उघड्यावर बाळगायला परवाना लागत नाही, परवाना लागतो तो लपवून बाळगायला. लोकांना धास्ती वाटेल अशा तऱ्हेने शस्त्र मिरवायला १९६९ पासून बंदी आहे, पण नुसतं खांद्यावर असणं त्यात बसतंच असं नाही.

नंतर कळलं की २०२१ मध्ये गव्हर्नर जे इन्स्ली यांनी ५०३८ क्रमांकाच्या विधेयकावर सही केली. त्यानुसार राज्याची राजधानी ऑलिंपियाच्या कॅपिटॉल (विधिमंडळ) परिसरात आणि परवानगी घेतलेल्या निदर्शनांत उघडी बंदूक नेता येत नाही. निदर्शनाच्या हद्दीपासून २५० फुटांच्या आत कोणी तशी घेऊन उभा असेल, तर पोलिसाने सांगितल्यावर त्याला निघावं लागतं. परवाना घेऊन लपवून बाळगणाऱ्यांचा मामला वेगळा.

आता माझी अडचण. कायद्यातलं 'निदर्शन' म्हणजे भाषण, मोर्चा वगैरे, थोडक्यात मत किंवा गाऱ्हाणं मांडणं. आम्ही कोकणातले, बाप्पापुढे गाऱ्हाणं दरवर्षी घालतोच, पण ते चालेल का? पार्कची परवानगी पुरते का? आणि मिरवणूक चालती असते, मग २५० फूट मोजायचे कुठून? पार्कवाल्यांना 'बंदुका नकोत' अशी पाटी लावायला सांगितली, तर म्हणाले बंदुकीबाबत नियम करायचा हक्क राज्याचा, शहराला वेगळा करता येत नाही.

शाळेच्या आवारात बंदूक चालत नाही, म्हणून तिथे हलवू असं काहीजण म्हणतात. पण जिममध्ये चाळीस ढोल? शिवाय विसर्जन कशात करणार, बादलीत?

कोणी यातून गेलंय का?

उत्तर १
आम्ही दोन सार्वजनिक कार्यक्रम केलेत. वकील नाही, अनुभव सांगतो. अर्जात नुसतं 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहू नका. मिरवणूक निघणार, भाषणं होणार, मार्ग कुठून कुठे, हे स्पष्ट लिहा. ही परवानगी त्या कायद्याखाली धरणार का, हे पोलिसांना आधीच ईमेलने विचारा. तोंडी 'हो' त्या दिवशी कामाला येत नाही. २५० फुटांचा नियम पोलिसाने सांगितल्यानंतरच लागू होतो, तेव्हा ड्युटीवर कोण असेल त्याचा नंबर हातात हवा. तुमच्या स्वयंसेवकांनी जाऊन हुज्जत घालू नये. नियम मोडला तर ग्रोस मिसडिमीनर (किरकोळ गुन्ह्यांतला गंभीर प्रकार) आहे, ३६४ दिवसांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड, त्यामुळे पोलीसही कागद बघितल्याशिवाय हलत नाहीत.

उत्तर २
एक शंका. विधेयकाच्या नावात 'ठरावीक शस्त्रे' आहे, फक्त बंदुका नाही. तुमच्या पथकापुढे पोरं दांडपट्टा खेळतात ना? मागच्या वर्षीच्या व्हिडिओत पाहिल्यासारखं वाटतंय.

मूळ धागाकर्ता
अरे देवा. खेळतात, आणि पट्टे खरे आहेत. धार नाही, पण पोलिसाला ते कसं पटवणार? ईमेलमध्ये हाही प्रश्न घालतो. तोवर पोरांना लेझीम शिकवायला कोणी मोकळं आहे का? शनिवारी सकाळी, चहा-पोहे माझ्याकडे.