इमॅक्युलेट : पवित्र की निष्कलंक?
इंग्रजी 'इमॅक्युलेट' (immaculate) या शब्दाचा अर्थ कुणीतरी नुसता 'पवित्र' असा दिला होता, तो मला अर्धाच पटतो. मूळ लॅटिन 'मॅक्युला' म्हणजे डाग आणि आधीचा 'इ' नकाराचा, म्हणून आपला 'निष्कलंक' त्याच्या जास्त जवळचा. आईच्या डोळ्यांच्या रिपोर्टमध्ये 'मॅक्युला' वाचलं तेव्हा हे डोक्यात पक्कं बसलं. दृष्टिपटलावरच्या पिवळ्या ठिपक्याचं नाव तेच! पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्टही इमॅक्युलेट असतो, त्यात पावित्र्याचा काही संबंध नाही.

आणि 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' (निष्कलंक गर्भधारणा) म्हणजे येशूचा कुमारी मातेपोटी जन्म, हा समज तर फारच पसरलाय. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये जाहीर केलेला तो सिद्धांत खुद्द येशूच्या आईबद्दल, मेरीबद्दल आहे: ती आपल्या आईच्या पोटी आली तीच आदिपापाच्या (ख्रिस्ती श्रद्धेनुसार प्रत्येक माणसाला जन्मतःच लागलेल्या पापाच्या) डागाविना.